वादीचा खोकला

वकिलीतला माझा पहिला मोठा दावा मी हरलो, तो एका माणसाला खोकला आला नाही म्हणून. हसू नका. साक्षीदार फुटले की दावे जातात, कागद हरवला की जातात, वकील मूर्ख असला तर हटकून जातात. पण अशील ऐन वेळी खोकला नाही म्हणून गेलेला दावा सबंध पश्चिम खानदेशात दुसरा दाखवा, या वयातही मी काळा कोट बोहारणीला देऊन टाकीन.

तो अशील म्हणजे माझा घरमालक. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची तीन-चार वर्षं मी नंदुरबारात त्यांच्या ओसरीलगतच्या खोलीत राहिलो. मी मूळचा सातारकडचा. नवी सनद, नवा कोट आणि अशील एकही नाही, असा मी स्टेशनावर उतरलो होतो. खोली बघायला गेलो तेव्हा हे गृहस्थ घराच्या धाब्यावर चढून एका बांबूला चिंधी बांधत होते. उंच, हाडकुळे, डोक्याला पांढरं उपरणं गुंडाळलेलं, वय साठीच्या आसपास. मी खालून हाक मारली, "खोली आहे का भाड्यानं?"

वरून प्रश्न आला, "वारा कथाईन ई ऱ्हायना, सांगा बरं."

मला अहिराणी तेव्हा ओ का ठो कळत नव्हती. पण त्यांनी चिंधीकडे बोट दाखवलं, तेव्हा वारा कुठून येतो असं विचारताहेत हे उमगलं. मी म्हटलं, "उत्तरेकडून." ते खाली उतरले, माझ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाले, "डोकं शे. खोली देखी ल्या." म्हणजे डोकं आहे, खोली बघून घ्या. भाड्याचं बोलणं झालं ते दुसऱ्या दिवशी.

गावात सगळे त्यांना आबा म्हणत, मीही म्हणायला लागलो. रनाळ्याला त्यांची शेती होती, ती भाऊबंदांकडे लावून दिलेली. स्वतः बायकोला घेऊन शहरात राहत. मूलबाळ नव्हतं. काम काय करत म्हणाल, तर शेजाऱ्यांशी भांडत. म्हणजे लोक असं म्हणत. माझं मत वेगळं आहे. आबा भांडखोर नव्हते, ते नेमाचे होते, आणि नेमाच्या माणसाला आपल्याकडे भांडखोर म्हणायची रीतच आहे.

त्यांचा नेम एकच. "आपलं ते आपला कुडनी आत." आपलं जे काही असेल ते आपल्या भिंतीच्या आत राहिलं पाहिजे. पाणी, धूर, पाचोळा, आवाज, वास, कोंबडी, सगळं. आणि हे फक्त दुसऱ्याला सांगायचं नव्हे बरं का. त्यांच्या अंगणात कडुनिंब होता, त्याची पानं शेजारच्या आवारात पडत. आबा रोज उजाडताच स्वतःचा खराटा घेऊन शेजारी जायचे, फक्त आपली पानं झाडून पाटीत भरून परत आणायचे. शेजाऱ्याच्या शेवग्याची पानं इकडे पडली, तर तीही पाटीत भरून नेऊन द्यायचे. "हाई तुमनं," एवढंच बोलायचे आणि पाटी पालथी करायचे. त्यांचा कोंबडा फार मोठ्यानं आरवतो असं त्यांनाच वाटलं, तर त्यांनी तो रनाळ्याला पाठवून दिला. त्यांची बैलगाडी गल्लीत शिरली की गडी खाली उतरून बैलांच्या घुंगरांना फडकं बांधायचा.

माझीही सुटका नव्हती. मला कलमं मोठ्यानं पाठ करायची खोड. आठ दिवस त्यांनी सोसलं, नवव्या दिवशी सकाळी दारात उभे. "वकीलभाऊ, तुमनी कलमं मन्हा घरमा ई ऱ्हायनीत." माझी कलमं त्यांच्या घरात येत होती. तेव्हापासून मी कायदा मनातल्या मनात वाचायला शिकलो, त्याचा पुढं फायदाच झाला.

गल्लीच्या तोंडाशी एकानं तेलाच्या इंजिनावरची पिठाची गिरणी टाकली होती. इंजिन सुरू झालं की आबांची भिंत थरथरायची. मालक म्हणायचा, काहीतरीच, भिंत कुठं हलते का? आबांनी पाण्यानं काठोकाठ भरलेला लोटा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, गिरणीवाल्याला बोलावून आणलं आणि चहा पाजत समोर बसवलं. लोट्यातलं पाणी थरथरून चारी बाजूंनी सांडत होतं. एक सांडला की गडी दुसरा लोटा भरून ठेवी, दुसरा सांडला की तिसरा. चौथ्या लोट्याला तो माणूस हात जोडून उठला. महिनाभरात त्यानं इंजिनाखालचा ओटा खणून नवा बांधला आणि मधे लाकडी ठोकळे घातले. कोर्ट नाही, नोटीस नाही. असं त्यांचं भांडण.

हे सगळं सांगतोय ते यासाठी की, माणूस हट्टी होता पण पुराव्याशिवाय तोंड उघडत नव्हता. असा अशील मिळाला तर वकिलानं देवाला नारळ फोडावा. मीही फोडला असता, जरा घाई झाली असती इतकंच.

आता मिरची.

नंदुरबारची मिरची तुम्ही खाल्ली असेल, पण श्वासात घेतली नसेल. दिवाळी झाली की आसपासच्या गावांतून गाड्याच्या गाड्या येतात आणि गावाच्या कडेच्या मोकळ्या जागा लालभडक होतात. या वाळवणाच्या जागांना पथारी म्हणतात. अशीच एक पथारी आबांच्या उत्तरेच्या भिंतीला लागून होती. मालक गावातले जुने मुसलमान व्यापारी, सगळे त्यांना चाचा म्हणत. चाचा आणि त्यांचे दोन भाऊ मिळून धंदा बघत. मिरची नुसती वाळत होती तोवर काही बिघडलं नव्हतं. पण मी यायच्या तीन वर्षं आधी त्यांनी भिंतीलगतच एक छप्पर टाकून कांडप सुरू केलं होतं. दहा-बारा बाया सकाळपासून मुसळांनी मिरची कांडायच्या. हिवाळ्यात तिथं वारा उत्तरेचा. छप्पर उत्तरेला, घर दक्षिणेला. यापुढं समजावून सांगायला नको.

पहिल्या हिवाळ्यात मी पंधरा दिवस नुसता रडत होतो. नाक, डोळे, घसा, सगळ्याला आग. आबा सकाळी माझ्यासमोर येऊन उभे राहायचे, हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडे वळवायचे आणि खूष व्हायचे. "वा! डोया चांगला लाल व्हयनात. आशेच ऱ्हाऊ द्या." मी पुरावा होतो ना!

त्यांना दावा लावायचा होता. कांडप बंद नको, पथारीही राहू दे, फक्त मुसळं भिंतीपासून दूर न्यावीत. तीन वर्षं ते चाचांना तोंडी सांगत होते. चाचा ऐकून घ्यायचे, पान द्यायचे आणि मुसळं जागच्या जागी राहायची. मी विचारलं, "आबा, उपद्रव कुणाला होतो ते दाव्यात लिहावं लागेल. तब्येत कुणाची बिघडली?"

"मन्ही," आबा म्हणाले. "माले खोकला शे. दमा शे. लिखा."

मी लिहिलं. 'वादीस खोकल्याचा व दम्याचा विकार जडला असून वादीचे जीवित धोक्यात आले आहे.' लिहिताना शंकासुद्धा आली नाही. का येईल? पलीकडच्या भिंतीतून आबांचा खोकला मी रोज ऐकत होतो. खोकला कसला, गडगडाट! कांडप सुरू झालं की अर्ध्या घटकेत ओसरीवरून सुरू व्हायचा. रोज सकाळी माझ्यादेखत ते अडुळशाच्या काढ्याची वाटी तोंडाला लावायचे, तोंड वाकडं करायचे आणि वाटी आत घेऊन जायचे. उरलेला काढा आतच प्यायचा असेल, असं मी धरून चाललो.

एकदाच मी विचारलं होतं. दुपारी जेवताना ते भाकरीबरोबर हिरव्या मिरचीचा ठेचा असा खायचे की बघून माझ्याच कानातून वाफ निघायची. मी म्हटलं, "आबा, दम्याला हा ठेचा?"

"ठेचा पोटमा जास, भुकटी छातीमा जास," ते म्हणाले आणि आणखी एक मिरची चावली. मला हे उत्तर अगदी शास्त्रशुद्ध वाटलं. असा मी हुशार!

त्यांच्या बायकोला मी काकू म्हणत असे. त्या फार थोडं बोलायच्या. दाराआडून भाकरी द्यायच्या, भाजी द्यायच्या, हवं-नको हातानंच विचारायच्या. मी समजलो, बाई मितभाषी आहेत. हिवाळ्यात त्या जास्तच मितभाषी व्हायच्या. एकदा मी त्यांना म्हटलंसुद्धा, "काकू, आबांचा खोकला ऐकवत नाही हो." त्यांनी पदर तोंडाला लावला, डोळे मिटले आणि मान हलवली. नवऱ्याच्या काळजीनं बाई गहिवरल्या असं समजून मी पुढं काही बोललो नाही. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

दावा दाखल झाला. पण शेजारधर्म सुटला नव्हता. चाचांच्या घरून ईदेला शिरखुर्मा आला, आबांच्या घरून संक्रांतीला तीळगूळ गेला. तारखेच्या दिवशी तर कमाल. कोर्टात जायला दोघांचा टांगा एकच. चाचा म्हणायचे, जायचं एकाच ठिकाणी, तर दोन घोड्यांना त्रास कशाला? टांग्यात दोघं कापसाच्या भावावर बोलत, मी मधे अंग चोरून बसलेला, आणि कोर्टाच्या पायरीला उतरलो की एक वादी, एक प्रतिवादी. मला साताऱ्यात असलं काही शिकवलं नव्हतं.

पुरावा मात्र आबांनी जय्यत केला होता. हंगाम सुरू झाला त्या दिवसापासून रोज एक पांढरं धोतराचं फडकं ओलं करून उत्तरेच्या भिंतीवर वाळत घालायचे. संध्याकाळपर्यंत ते गुलाबी व्हायचं, कधी विटकरी. मग घडी घालायची, मला हाक मारायची, मी चिठ्ठीवर तिथी आणि वाऱ्याची दिशा लिहायची, चिठ्ठी टाचून घडी लोखंडी पेटीत. सबंध हंगामाची फडकी त्या पेटीत कोंबलेली होती. दुसऱ्या कुणी वकिलानं पेटी बघून कपाळाला हात लावला असता. मला वाटत होतं, असा पुरावा कुणी पाहिलाही नसेल. ते खरंच होतं म्हणा.

आबांच्या जबानीचा दिवस आला. त्या दिवशी काकू म्हणाल्या, मीही येते. आबा कधी नव्हे ते गडबडले. "तुन्हं काय काम तठे?"

"घरमा कांडपनी भुकटी शे," काकू म्हणाल्या. "तठे तरी वारा शे."

एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकलं. त्या टांग्यात मागं बसल्या. कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर, खांबाला टेकून, पदर पुढं ओढून बसून राहिल्या.

आत आबांनी शपथ घेतली. मी विचारलं, त्यांनी सांगितलं. किती वर्षांपासून खोकला आहे? पाच. श्वास कोंडतो का? कोंडतो. कामधाम होतं का? होत नाही. आवाज खणखणीत होता, जरा जास्तच खणखणीत. मग मी मोठ्या ऐटीत पेटी पुढं सरकवली. समोरचे वकील धुळ्याचे, नावाजलेले. ते म्हणाले, "फडक्यांवरचे डाग मिरचीचेच कशावरून? कुंकवाचे असतील." न्यायाधीश म्हणाले, "एक उघडून दाखवा."

शिपाई गावचाच होता. त्याला एक काढायचं होतं, त्यानं ओढली ती चळतच. आणि आपण घरी वाळलेलं धोतर झटकतो ना, तशी त्यानं ती सवयीनं, जोर लावून, झटकली.

काय सांगू! हंगामभराची मिरची त्या बंद खोलीत उधळली. आधी शिपायाला शिंक आली, मग कारकुनाला, मग एकदम सगळ्यांना. धुळ्याचे वकील टेबलाला धरून खोकत होते. चाचा रुमालात तोंड खुपसून "या अल्ला, या अल्ला" करत होते. न्यायाधीशांनी चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा शिंकले, खिडक्या उघडा म्हणून हातानं खुणावलं. मी तर जमिनीवरच बसलो होतो. दावा जिंकला म्हणून रडतोय की मिरचीनं रडतोय, मलाच कळेना.

आणि धुळ्याच्या वकिलांनी, नाकातोंडातून पाणी गळत असताना, हात उचलून बोट दाखवलं.

"साहेब, वादी बघा!"

आबा साक्षीदाराच्या कठड्याला धरून ताठ उभे होते. डोळे कोरडे. नाक कोरडं. श्वास अगदी सावकाश. सबंध कोर्टात एकटे तेच, जन्मभर ठेच्यावर वाढलेले, आपल्या पुराव्याचा प्रभाव समाधानानं बघत होते. खोकायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही!

बोट आपल्याकडे आहे हे कळलं तेव्हा ते खोकले. तोच गडगडाट. मी तो दोन वर्षं ऐकला होता. पण जमिनीवर बसल्या बसल्या त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की हा खोकला नेहमी दुसरा असायचा. त्याच्या आधी कायम एक बारीक, दाबलेला, चिंधीतून आल्यासारखा आवाज असायचा, आणि त्याच्यावर पांघरूण घातल्यासारखा हा मोठा पडायचा. मी मोठाच तेवढा ऐकत होतो.

तो बारीक आवाज आता व्हरांड्यातून येत होता. खिडक्या उघडल्यावर भुकटी तिकडे गेली होती. काकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. पदर डोक्यावरून सरकला होता, ओठ काळेनिळे पडले होते. कुणीतरी "बाई, बाहेर थांबा" म्हणालं. त्या थांबल्या नाहीत. कठड्यापर्यंत आल्या, दोन वेळा श्वास घ्यायचा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा जमला.

"साहेब, यास्ले काही व्हयेल नई. खोकला मन्हा शे."

न्यायाधीशांनी स्वतः उठून त्यांना खुर्ची दिली. पाणी आलं. त्यांचा श्वास मागच्या बाकापर्यंत ऐकू येत होता. कुणी खोटा म्हणावा असा तो श्वास नव्हता. बोलता आलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या की, पाच हिवाळे झाले, आणि यांनी खोटी शपथ घेतली ती माझ्यापायी घेतली, यांना सजा करू नका.

न्यायाधीश आबांकडे वळले. खोटं का सांगितलं?

आबांची मान खाली होती. या माणसाची मान खाली गेलेली मी प्रथमच बघत होतो. ते म्हणाले, "साहेब, बाईमानूसनं दुखनं कोर्टना कागदवर कसं चढावू? मन्हा घरना खोकला तो मन्हाच खोकला. मी खोटं बोलनू असं माले वाटनंच नई."

न्यायाधीश किंचित हसले, पण कायद्याला हसून चालत नाही. ते म्हणाले, ज्याला त्रास, त्याचं नाव दाव्यात पाहिजे. हा दावा वादीच्या प्रकृतीवर उभा आहे आणि वादीची प्रकृती आम्ही सर्वांनी पाहिली. धुळ्याचे वकील खोट्या शपथेबद्दल फिर्याद करा म्हणून उठले होते. चाचांनी मागून त्यांचा कोट धरून खाली बसवलं. शेवटी दावा मागं घ्यायची परवानगी मिळाली, योग्य माणसाच्या नावानं नवा लावायची मुभा मिळाली, आणि आबांना समज मिळाली. मला काय मिळालं ते विचारू नका. बाररूममध्ये महिनाभर माझ्या पाठीमागं कुणीतरी मुद्दाम खोकत असे.

परत येताना टांगा एकच. चाचांनी काकूंना पुढं, वारा लागेल अशा जागी बसवलं आणि स्वतः मागच्या पायरीवर उभे राहिले. अर्ध्या रस्त्यात चाचा भडकले. गल्लीत तेही आबांइतकीच अहिराणी बोलत.

"आबा, तीन साल मन्हाकडे ई ई खोकलात तुम्ही! मी म्हने, हाऊ मानूस ठेचा खास आनि खोकला काढस, नाटक करी ऱ्हायना. एकडाव तरी भाभीनं नाव काढानं व्हतं!"

"बाईमानूसनं दुखनं गल्लीमा सांगत फिरू का?"

"मंग आज काय व्हयनं? आख्खा कोर्टमा व्हयनं!"

मी संधी साधून म्हटलं, "चाचा, मग आता मुसळं हलवा ना." धंद्यात दोन भाऊ होते. मी नुसतं सांगितलं तर भाऊ म्हणतील म्हातारा नरम पडला, असं चाचांचं म्हणणं. "कोर्टना कागद आना. मंग मी त्यास्ना पुढे ठेवस."

पुढचं थोडक्यात सांगतो. नव्या दाव्यात चाचांनी फारशी हरकत घेतली नाही, भावांनी घेतली. एक हिवाळा त्यातही गेला, तो काकूंनी रनाळ्याला काढला. मग मनाई हुकूम झाला आणि कांडप गावाबाहेर गेलं. कांडणाऱ्या बायांना रोजची पायपीट वाढली, त्यातल्या एकीनं भर बाजारात माझा उद्धार केला, आणि तिचंही खोटं नव्हतं. काकू त्यानंतर नऊ हिवाळे जगल्या. ती खोली सोडली तरी मी गावातच होतो, त्यांतले बरेच मी पाहिले. त्या मितभाषी वगैरे काही नव्हत्या. खालच्या आवाजात, न थांबता, दुपारभर बोलायच्या, आणि आबा ओसरीवर बसून "हां, हां" करायचे.

पण मला आठवतो तो नवा दावा दाखल केला तो दिवस.

वादी म्हणून काकूंचं नाव घालायचं होतं. मी कागद पुढं घेऊन विचारलं, तर आबा म्हणाले, "ती जागा सोडा." मी म्हटलं, ती जागा सोडून कसं चालेल? ते उठून अंगणात गेले आणि कडुनिंबाकडे बघत उभे राहिले. तुम्हाला आता हे सांगावं लागतं. तेव्हा सांगावं लागत नव्हतं. नवरा बायकोचं नाव घेत नसे, बायको नवऱ्याचं घेत नसे. लग्न होऊन चाळीस वर्षं झाली होती. "ओ", "आयकस का", "घरमा कोन शे" यावर संसार झाला होता. नाव मी काकूंकडूनच विचारून घेतलं.

कोर्टात कारकुनासमोर गेलो. काकूंनी पदर पुढं ओढलेला, जिना चढून श्वास लागलेला, बोलणं शक्य नव्हतं. कारकुनानं नियम काढला. पदर घेतलेली बाई, कोण आहे ते घरच्या माणसानं ओळखून सांगितलं पाहिजे. मी म्हटलं, मी वकील आहे, मी सांगतो. तो म्हणाला, मागच्या खेपेला तुमच्या दाव्यात खोकला एकाचा आणि नाव दुसऱ्याचं निघालं, आता घरच्यांनीच सांगावं. यावर मी काय बोलणार, कपाळ!

"ही बाई कोण?"

"मन्हा घरनी," आबा म्हणाले.

"ते दिसतंय. नाव?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे पाहिलं. त्यांनी उपरणं सोडलं, पुन्हा गुंडाळलं. व्हरांड्यात पंधरा-वीस माणसं होती, त्यांतली निम्मी ओळखीची, चाचाही होते. गिरणीवाल्यापुढं, न्यायाधीशापुढं, सबंध गल्लीपुढं जो माणूस कधी अडखळला नाही, तो एका नावापुढं अडला होता. मला वाटलं, आता हे निघून जाणार. आणखी एक हिवाळा, आणखी ती भुकटी, आणि यावेळी बाई टिकायच्या नाहीत.

आबा काहीतरी पुटपुटले.

"ऐकू आलं नाही," कारकून म्हणाला. "मोठ्यानं सांगा."

तेव्हा आबांनी कारकुनापुढच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवले, मान वर केली, आणि शेताच्या या बांधावरून त्या बांधाला हाक मारावी तशा आवाजात म्हणाले,

"तापी!"

व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली. पलीकडच्या खोलीतून कुणीतरी डोकावलं. चाचांनी नजर दुसरीकडे फिरवली.

काकूंनी पदर जरा मागं सारला. चेहरा लाल झाला होता, आणि या खेपेला मिरचीनं नव्हे. त्यांनी सावकाश एक श्वास घेतला.

"बस व्हयनं. समदा कोर्टले आयकू गयं," त्या म्हणाल्या, आणि कारकुनापुढं हात केला. "आते सांगा, अंगठा कोठे लावू?"